सत्तेचाळीस एकोणीस

कोडोलीत गणपतराव खोतांचं नाव काढलं की लोकांना दोन गोष्टी आठवत. एक त्यांचा टेम्पो, जो रोज इतका धुतलेला असायचा की शेजारणींना आपापल्या भांड्यांची लाज वाटावी. दुसरी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. ते बघितल्याशिवाय हा माणूस केसही कापून घ्यायचा नाही. अमावास्येला नवा शर्ट घालायचा नाही, पितृपंधरवड्यात खिळासुद्धा विकत आणायचा नाही. बायको तानाबाई म्हणायची, "ह्यास्नी शिंक आली तरी आधी पंचांग बघतील." गणपतराव हसायचे आणि खरंच बघायचे.

काम साधं होतं. आसपासच्या शेतांतला झेंडू, शेवंती पोत्यांत भरायचा आणि दिवस उजाडायच्या आत कोल्हापूरच्या फूलबाजारात पोचवायचा. बाजाराच्या फाटकाशी एक कारकून टेबल टाकून बसलेला असे. तो मान वर न करता विचारी, "गाडी नंबर?" गणपतराव म्हणत, "सत्तेचाळीस एकोणीस." तो पावती फाडी, की टेम्पो आत. दोन वर्षं हे असं चाललं होतं. सणासुदीला दिवसाला दोन खेपा होत, म्हणजे दोनदा विचारणं आणि दोनदा सांगणं. त्या कारकुनाला गणपतरावांचं नाव माहीत नव्हतं आणि गणपतरावांना त्याचं.

टेम्पो दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेला. म्हणून त्याचा इन्शुरन्सही दसऱ्यालाच भरायचा, असा गणपतरावांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नेम होता. खंडेनवमीला गाडी धुवायची, झेंडूचा हार चढवायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुंकवाच्या बोटांनी पैसे मोजून निशिगंधाच्या दुकानात द्यायचे. निशिगंधा ही बाजारपेठेतली पोरगी. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि गाड्यांचे इन्शुरन्स एवढं सगळं ती एका टेबलावर करायची. टेम्पोच्या आधी बारा वर्षं तीनचाकी होती तेव्हाही गणपतरावांचा नेम हाच होता. मध्ये एखाद्या वर्षी चार-आठ दिवसांची फट पडलीही असेल. ती कुणाच्या डोळ्यावर आली नाही, कारण त्या चार-आठ दिवसांत काही घडलं नाही.

आता दसरा तिथीनं येतो आणि इन्शुरन्स तारखेनं संपतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. टेम्पो घेतल्याच्या पुढल्या वर्षी दसरा दहा दिवस आधी आला, म्हणून सगळं आपोआप जमून गेलं. त्याच्या पुढल्या वर्षी अधिक श्रावण पडला आणि सगळे सण पुढे सरकले. गणपतरावांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? अधिकाचं वाण म्हणून जावयाला त्यांनी स्वतः जेवायला घातलं होतं आणि तेहतीस अनारसे दिले होते. पण जावयाचे अनारसे आणि गाडीचा कागद यांची डोक्यात गाठ पडायला हवी होती, ती पडली नाही.

शेवटची तारीख नेमकी सर्वपित्री अमावास्येला आली. त्या दिवशी दुपारी निशिगंधाचा फोन आला.

"तात्या, आज रात्री बाराला इन्शुरन्स संपतोय. येऊन जाता काय?"

"आज अवस हाय की गं."

"मग फोनवरनं पैसं पाठवा. मी करते."

"अवशीला पैसं द्यायचं? खुळी का काय तू? दसऱ्याला येतो, दरसालासारखा."

"दसरा दहा दिवस लांब हाय यंदा."

"दहा दिवसांत काय आभाळ पडतंय काय?" असं म्हणून गणपतरावांनी फोन ठेवला आणि ते पितरांच्या पानाला बसले. निशिगंधाने संध्याकाळी पुन्हा एक मेसेज टाकला. तो त्यांनी वाचलाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले. नवरात्रात झेंडूची गाडी घरी उभी ठेवायची म्हणजे वर्षाच्या कमाईवर पाणी सोडायचं. टेम्पो निघाला.

तिसऱ्या माळेला, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, रिकामी पोती घेऊन गणपतराव वाठारकडून कोडोलीला परत येत होते. समोरून एक बस उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकत त्यांच्या अंगावर आली. त्यांनी टेम्पो डावीकडे घेतला. बस गेली, ट्रॅक्टर गेला. डाव्या आरशापाशी एक बाई दिसली आणि मग आरसाच राहिला नाही. हौद्याच्या बाजूच्या फाळक्याच्या कडीत तिचा पदर अडकला, ती पडली, आणि मागचं चाक तिच्या पावलावरून गेलं. चूक बसवाल्याची होती. तो थांबला नाही, आणि न थांबलेल्याचं नाव कुठंच लागत नाही.

गणपतराव खाली उतरले. शेतातली माणसं धावत आली. बाई शुद्धीवर होती आणि ओरडत नव्हती. कुणीतरी टॉवेल बांधत होतं. कुणीतरी "उचला, उचला" म्हणत होतं. आणि गणपतराव रस्त्याच्या कडेला वाकून तिच्या चपला शोधत होते. गवतात बघितलं, टेम्पोखाली बघितलं. मिळेनात. चपला सापडल्याशिवाय निघायचं कसं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

"काय हुडकताय तात्या?" एकाने खांदा हलवला. "अनवाणी हाय ती. नवरात्राची. चला आता!"

तिला टेम्पोतच घातलं, रिकाम्या पोत्यांवर. कोल्हापूरच्या दवाखान्यापर्यंत गणपतरावांनीच गाडी चालवली. नंतर त्यांना कोणी विचारलं, की वाटेत कुठले सिग्नल लागले, गर्दी होती का, तर त्यातलं काहीच आठवत नसे. उतरवताना तिच्या साडीला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, तेवढंच आठवत असे.

बाईचं नाव संयोगिता. वय तेहतीस. एका नर्सरीत रोपांचे ट्रे भरायला जात होती. तिचा नवरा राजवर्धन शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. तो कामावरच्या कपड्यांत, हात काळे असतानाच दवाखान्यात पोचला. गणपतराव त्याच्यासमोर उभे राहिले. मारील तर मारू दे, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. राजवर्धनने मारलं नाही. तो बाकड्यावर बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "पांढऱ्या पट्ट्यावरनंच चालत असणार ती. डांबर भाजतंय, पट्टा कमी भाजतोय. कालच मला सांगत हुती."

पाऊल वाचणार नाही असं डॉक्टरांनी चार वाजता सांगितलं.

तोपर्यंत गणपतरावांचा पुतण्या उदयसिंह येऊन पोचला होता. पोरगा धडाडीचा. डोकं आधी चालतं आणि विचार मागाहून येतो, अशातला. त्याचाही तसलाच टेम्पो होता, त्याच रंगाचा, आणि त्याचा इन्शुरन्स चालू होता. त्याने काकांना आणि राजवर्धनला कँटीनच्या मागे नेलं.

"तात्या, तुमचा कागद संपलाय. मी निशिगंधाला फोन केलता. आता तुमच्या गाडीचा नंबर दिला तर कंपनी हात वर करणार. मग ह्यांस्नी पैसं तुमी देणार, आन् तुमच्याकडं काय हाय? टेम्पो. तोबी पोलीस लावून घेणार." मग राजवर्धनकडे वळून तो म्हणाला, "पावणं, तुमी ऐका. माझ्या गाडीचा नंबर दिला तर कंपनी देतीया. वहिनींच्या जन्माचं भागंल. हवालदार अजून यायचाय. पोरं माझी गाडी घिऊन निघाल्यात. तिचा डावा आरसाबी मी दगडानं फोडाय सांगितलाय."

राजवर्धनने आपले काळे हात पँटला पुसले. मग म्हणाला, "तिला पैसं मिळणार असतील तर मला कुठल्याबी गाडीचा नंबर चालंल."

खोटं होतं. पण त्यात कुणाचं नुकसान होतं? कंपनीचं. आणि कंपनी काही त्या बाकड्यावर बसलेली नव्हती. म्हणून झाडून सगळे तयार झाले. राहिले गणपतराव. जबाब त्यांनी द्यायचा होता.

"बावन्न शून्य सहा," उदयसिंह म्हणाला. "म्हणा."

"बावन्न शून्य सहा."

"परत."

दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं. गणपतरावांना ते खोटं वाटलं नाही की खरं वाटलं नाही. जेवायला वाढल्यावर जेवावं, तसं ते म्हणत गेले. खोटं बोलायला त्यांची ना नव्हती, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे गावाने हे पार विसरून टाकलं.

हवालदार साडेपाचला आला. थकलेला होता. दवाखान्याच्या चौकीत टेबलामागे बसला, कागद ओढला, पेनाचं टोपण दातांनी काढलं, आणि मान वर न करता म्हणाला, "गाडी नंबर?"

"सत्तेचाळीस एकोणीस," गणपतराव म्हणाले.

त्याने लिहून घेतलं. मागे उभ्या उदयसिंहाचा श्वास ऐकू आला. "साहेब, तात्या घाबरल्यात, नंबर त्यांचा..." हवालदाराने हात वर केला. "नंबर सांगताना घाबरल्यासारखं दिसलं न्हाईत. इन्शुरन्स?" गणपतरावांनी पिशवीतली प्लॅस्टिकची फाइल पुढे केली. तिच्यावर गेल्या दसऱ्याचं कुंकू अजून होतं. हवालदाराने कागद बघितला आणि पहिल्यांदा मान वर केली. "मामा, तीन दिवस झालं की संपून."

गणपतराव म्हणाले, "व्हय."

राजवर्धन दारातून निघून गेला. उदयसिंह बाहेर येऊन आपल्या टेम्पोपाशी उभा राहिला. धड गाडीचा आरसा त्याने स्वतःच्या पैशाने फोडून घेतला होता. चार महिने तो काकांशी बोलला नाही. त्यात आरशाचा वाटा किती आणि काकांचा किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढचं सगळं रीतसर झालं. सत्तेचाळीस एकोणीस पोलीस ठाण्याच्या आवारात उभा राहिला. फाळक्यात राहिलेल्या पाकळ्या वाळून काळ्या पडल्या, चाकांतली हवा गेली, आणि काही महिन्यांनी टेम्पो विकून ती रक्कम कोर्टात जमा झाली. तेवढ्याने भागणार नव्हतं. लोकअदालतीत दोन्ही बाजू बसल्या आणि ठरलं, की उरलेले गणपतरावांनी दर महिन्याच्या तीस तारखेला द्यायचे. किती वर्षं, ते वकिलाने सांगितलं. गणपतरावांनी आपल्या वयात ती वर्षं मिळवून बघितली. ते आता गावातल्या फुलांच्या शेडवर पोती भरायला जाऊ लागले. दुसऱ्यांच्या टेम्पोत पोती चढवायची आणि फाळका लावायचा. फाळक्याची कडी ते तीन-तीनदा तपासायचे. टेम्पोवाले हसायचे.

आणि गावाने काय करावं? गावाने त्यांचा सत्कार केला. एका मास्तरांनी पेपरात चार ओळी छापून आणल्या: खोटं बोलून सुटता येत असतानाही गणपतराव खोत खरं बोलले. मंडळाने पुढच्या नवरात्रात त्यांना स्टेजवर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. मास्तर पोरांना म्हणाले, "ह्यांच्याकडं बघून शिका." पोरांनी बघितलं. शाल लोकरीची होती आणि दिवस उकाड्याचे होते. गणपतराव शालीत घामाघूम होऊन बसले होते आणि समोरच्या दिव्यावर आपटणारा एक किडा बघत होते. आपण बोललो नाही, तोंड बोललं, हे सांगायला हवं असं त्यांना एकदा वाटलं. तेवढ्यात टाळ्या झाल्या.

घरी आल्यावर तानाबाईने शाल घडी करून ट्रंकेत टाकली. "थंडीत कामाला यील," म्हणाली. ती थंडीतही बाहेर निघाली नाही.

पैसे बँकेतून पाठवता आले असते. राजवर्धनने तसा निरोपही दिला होता. पण गणपतराव एसटीने जाऊन हातात द्यायचे. का, ते विचारलं तर त्यांना सांगता आलं नसतं. ते अंगणात आले की संयोगिता, जी पडवीत बसलेली असे, पाय चढवी, भिंतीला धरून उठे आणि आत जाई. तो पाय तिला एका संस्थेने बसवून दिला होता. चालताना तो जरा मागे राही. मग सासू झुंबरबाई बाहेर येई, पाकीट घेई, आणि पाण्याचा तांब्या पुढे करी. फक्त पाणी. कोल्हापुराकडच्या घरात दारी आलेल्याला चहा विचारला नाही, म्हणजे काय समजायचं ते गणपतराव समजत होते. पाणी पिऊन ते परत फिरत. असं महिन्यामागून महिने चाललं.

अपघाताला दोन वर्षं होत आली होती. शेडवर नवरात्राची घाई होती, पगार एक दिवस उशिरा झाला, आणि गणपतराव पाकीट घेऊन पोचले ते खंडेनवमीला. अंगणात सारवलेलं होतं. पडवीत पाट मांडून त्यावर घरातली हत्यारं पूजेला लावली होती. विळा होता, दोन खुरपी होती, राजवर्धनचे पाने होते, किसणी होती. सगळ्यांना हळदी-कुंकू लावलेलं, वर झेंडू वाहिलेला. आणि त्यांच्या शेजारी, तसंच हळदी-कुंकू लावून, संयोगिताचा पाय ठेवला होता.

संयोगिता भिंतीला टेकून खाली बसली होती. गणपतरावांना बघून तिने सवयीने भिंतीला हात लावला. मग पाटाकडे बघितलं आणि हात खाली घेतला. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी कुणी वापरत नाही. तिला आत जाता येईना आणि गणपतरावांना परत फिरता येईना.

"बसा," ती म्हणाली. दोन वर्षांतला पहिला शब्द.

ते पायरीवर बसले. पाकीट बाजूला ठेवलं. ती पाटाकडे बघत होती.

"तुमचं पेपरात आलतं ते मी वाचलं. शाल मिळाली म्हणं."

"व्हय."

"सगळी म्हणत्यात, खोतमामा खरं बोलला. आमच्या नर्सरीतल्या बायकाबी म्हणत्यात. माझ्या तोंडावर." तिचा आवाज चढला नाही, तरी झुंबरबाई चुलीपुढून उठून दारात आली. "ह्यांनी मला सगळं सांगितलंय, कँटीनमागचं. एक नंबर तेवढा येगळा सांगायचा हुता. माझं घर झालं असतं मामा. आता तुमी मरूस्तवर मला थोडं थोडं देणार. तुमी खरं बोललासा, आन् त्याचं पैसं मी भरायलीया. मला लई राग हाय तुमचा. पाय गेला त्याचा न्हाय एवढा, पाय काय, ती बस आलती. ह्याचा हाय."

गणपतराव हाताच्या बोटांकडे बघत होते. नखांत झेंडूचा पिवळेपणा होता.

"मी ठरवून न्हाय बोललो पोरी," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"खोटंच बोलणार हुतो. पाठ केलतं. बावन्न शून्य सहा. अजूनबी पाठ हाय. पर त्यानं मान खाली घालून इचारलं, गाडी नंबर. बाजारच्या फाटकात रोज तसंच इचारायचे. तोंडातनं निघाला माझा."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "चुकून?"

"चुकून."

"मग शाल कशाला घेतलीसा?"

"घातली त्यांनी."

"सांगायचं न्हाई व्हय, चुकून झालं म्हणून?"

"कुणी इचारलं न्हाय."

कोंबडी पाटापर्यंत आली, झुंबरबाईने तिला हाकललं. संयोगिताचा चेहरा आधी होता तसाच होता, पण खांदे खाली आले होते. दोन वर्षं तिला वाटत आलं होतं, की या माणसाने एका पारड्यात तिला घातलं आणि दुसऱ्यात आपलं नाव, आणि नाव उचललं. तसं काही झालंच नव्हतं. एक दमलेला म्हातारा होता, आणि त्याच्या तोंडाची सवय होती.

"आत्ती," ती म्हणाली, "मामास्नी च्या टाका."

चहा आला. कपाचा कान तुटलेला होता. गणपतरावांनी तो दोन्ही हातांनी धरला. पहिला घोट घेतला. अपघातापासून ना भूक धड लागली होती, ना झोप, ना रडू. आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबवायचं कसं, हे त्यांना आठवेना. ते तसेच चहा पीत राहिले. झुंबरबाई आत गेली. संयोगिताने मान दुसरीकडे केली.

कप खाली ठेवून ते उठले. पाकीट तिच्या हातात दिलं. थेट तिला द्यायचीही ही पहिलीच वेळ. तिने ते न मोजता मांडीवर ठेवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

"मामा, काल तीस तारीख हुती."

"पगार उशिरा झाला. आन् म्हटलं, खंडेनवमीचा दिवस हाय, तर..."

"सण बघून येऊ नगा," संयोगिता म्हणाली. "तारखेला येत जावा."